तारांवर बसलेली माणसं

प्रस्तावना

जिगसॉ लावायला कॅरम बोर्डाइतकी चांगली जागा दुसरी नाही. चारी बाजूंना लाकडी चौकट असते, त्यामुळे तुकडे खाली घरंगळत नाहीत. पाहुणे आले की अख्खा बोर्ड उचलून पलंगाखाली सरकवता येतो. आतली पाटी साधारण २९ इंचांची असते, म्हणजे हजार तुकड्यांचं चित्र त्यात व्यवस्थित मावतं. गेल्या पावसाळ्यात आमच्या बोर्डावर दोन महिने न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल होता. हे छोटं पुस्तक त्या दोन महिन्यांतून निघालं आहे.

माझी भाची न्यू जर्सीत असते. सुट्टीत येताना आजोबांना काय आणावं, हा तिला दर वेळी पडणारा प्रश्न. बाबा सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत. सार्वजनिक बांधकाम खात्यात ओव्हरसिअर म्हणून लागले आणि मोऱ्या, साकव, पूल बांधत बांधतच निवृत्त झाले. त्यांना गोड चालत नाही, स्वेटर चार पडून आहेत, आणि बारीक अक्षर आता भिंगाशिवाय दिसत नाही. या खेपेला तिने न्यूयॉर्क महापालिकेच्या दप्तरखान्यातला एक जुना फोटो निवडला आणि त्याचं जिगसॉ करून आणलं. खोक्यावर हजार तुकडे असं छापलेलं होतं. मोजले तर एका दिशेने ३८ आणि दुसऱ्या दिशेने २७, म्हणजे १,०२६ भरले. आकडा गोल दिसावा म्हणून हजार म्हणायची पद्धत आहे, हे मला नंतर समजलं.

बाबांनी खोक्यावरचं चित्र भिंगाखाली धरलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “यांच्या कमरेला दोर कुठाय?”

फोटो ७ ऑक्टोबर १९१४चा आहे. ब्रुकलिन पुलाला रंग देणारे कामगार पुलाच्या तारांवर चढून बसलेत, उभे राहिलेत. तारांची जाळी चौकटभर पसरलेली आणि तिच्यात ठिकठिकाणी ही माणसं. कुणी दोन तारांवर दोन पाय फाकून उभा आहे, कुणी तारेला पाठ टेकून ओसरीवर बसावं तसा निवांत बसलाय. बाबांनी विचारलेला दोर कुणाच्याही कमरेला दिसत नाही. हातातलं काम थांबवून सगळे कॅमेऱ्याकडे तोंड करून थांबलेत, म्हणजे फोटो ठरवून काढलेला आहे हे उघड आहे. काढणारा त्याआधी काही दिवस त्याच पुलावर रंगकामाचे फोटो काढून गेला होता. तेव्हा त्याला काहीतरी दिसलं असणार आणि त्यासाठी तो परत आला असणार, असं मला वाटतं.

त्याचं नाव यूजीन द सालिन्याक. जन्म १८६१, बॉस्टन. फोटोग्राफीचा आधीचा काही अनुभव नसताना, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, १९०३ साली तो न्यूयॉर्क महापालिकेच्या पूल खात्यात फोटोग्राफरचा मदतनीस म्हणून लागला. ही नोकरी त्याला मेहुण्याच्या ओळखीने मिळाली. १९०६ मध्ये मूळ फोटोग्राफर वारला आणि ती जागा याच्याकडे आली. तेव्हापासून १९३४ पर्यंत तो शहराच्या कामांचे फोटो काढत राहिला. पूल, बोगदे, रस्ते, खांब, खड्डे, अपघातात वाकलेले कठडे, दुरुस्तीच्या आधीचं आणि नंतरचं. सगळे फोटो आठ बाय दहा इंचांच्या काचेवर घ्यायचे. प्रत्येक काचेवर क्रमांक आणि तारीख घालायची आणि ती दप्तरी जमा करायची. अशा सुमारे वीस हजार काचा त्याने मागे ठेवल्या.

सरकारी खात्यात काम केलेल्या माणसाच्या घरात मी वाढले, त्यामुळे हे काम काय प्रकारचं असतं ते मला ठाऊक आहे. या फोटोंना दर्शक नसतो. एखाद्या ठेकेदाराचं बिल अडलं, कुणी नुकसानभरपाईचा दावा लावला, चौकशी बसली, तरच ती फाइल कुणीतरी उघडतं. द सालिन्याकने हयातीत प्रदर्शन भरवलं नाही, पुस्तक काढलं नाही. १९४३ मध्ये तो वारला तेव्हा फोटोग्राफर म्हणून त्याला ओळखणारं जवळपास कुणी नव्हतं. फोटो होते, पण ते महापालिकेचे होते.

१९९९ साली त्याच दप्तरखान्यातला मायकल लॉरेन्झिनी हा फोटोग्राफर पूल खात्याच्या चित्रांची मायक्रोफिल्म बघत होता. बघता बघता त्याच्या लक्षात आलं की यातले कितीतरी फोटो एकाच नजरेचे आहेत. काचांवरचे आकडेही एकाच हाताचे होते. मग त्याने कित्येक महिने जुनी दफ्तरं उलथीपालथी केली आणि त्या हाताचं नाव शोधून काढलं. २००७ मध्ये या फोटोंचं पुस्तक निघालं. २०१२ मध्ये दप्तरखान्याने आठ लाख सत्तर हजार चित्रं इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली केली. तारांवरच्या माणसांचा फोटो पंच्याऐंशी वर्षं जिथे होता तिथेच होता. कुणीतरी तो नीट बघायला हवा होता, एवढंच.

नीट बघणं म्हणजे काय, हे मला या जिगसॉने शिकवलं. पुस्तकात हा फोटो समोर आला असता तर मी फार तर मिनिटभर पाहिला असता. ‘बाप रे, काय ही माणसं’ म्हटलं असतं आणि पान उलटलं असतं. आपण फोटो पाहतो तेव्हा आधी माणसं पाहतो, त्यातही चेहरे, आणि बाकीचं मागे सोडून देतो. जिगसॉ तसं करू देत नाही. चेहऱ्याचा तुकडा एक आणि त्याच्या शेजारच्या राखाडी आकाशाचे तुकडे चाळीस, आणि त्या चाळीसांतला प्रत्येक तुकडा हातात घेऊन, फिरवून, उजेडाकडे धरून, खाच तपासून त्याची जागा शोधावी लागते. चेहरा लागतो पाच मिनिटांत. आकाशाला आमचा अख्खा श्रावण लागला.

रंगीत चित्र असतं तर लाल कौलं एकीकडे, हिरवी झाडं दुसरीकडे अशी वाटणी करता आली असती. कृष्णधवल फोटोत ती सोय नाही. कडेचे १२६ तुकडे पहिल्या दोन संध्याकाळी लागले आणि आत मोठा रिकामा चौकोन उरला. तुकड्यांवर काय, तर तारा. उभी तार, तिरपी तार, दोन्हींची फुली, त्यामागे फिकट राखाडी. आठवडाभर मी करड्या रंगाच्या छटांवर वाटणी करून पाहिली. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली सगळ्या छटा एक होत आणि सकाळी परत वेगळ्या. माझा धीर सुटत चालला होता.

वाट काढली ती बाबांनी. ते रोज दुपारी चहा घेऊन बोर्डापाशी बसत, पण तुकड्याला हात लावत नसत. एक दिवस त्यांनी माझ्या मुलाची जुनी कंपासपेटी मागवली आणि तिच्यातला कोनमापक काढला. म्हणाले, “अगं, रंग बघू नकोस. कोन बघ.”

त्यांनी जे समजावलं ते थोडं सविस्तर लिहिते, कारण या पुलाची सगळी गंमत तिथेच आहे. झुलत्या पुलात दोन मनोऱ्यांवरून मोठे केबल सोडलेले असतात आणि त्या केबलपासून उभ्या तारा खाली येऊन रस्ता उचलून धरतात. त्यांना सस्पेंडर म्हणतात. बहुतेक झुलते पूल एवढ्यावर उभे असतात. ब्रुकलिन पुलाचा आराखडा करणारा जॉन रोबलिंग एवढ्यावर समाधानी नव्हता. त्याच्या काळात वाऱ्याने हेलकावे खाऊन झुलते पूल कोसळत होते. त्याने मनोऱ्यांच्या माथ्यापासून पंख्याच्या काड्यांसारख्या तिरप्या तारा काढल्या आणि त्याही थेट रस्त्याला बांधल्या. या तारा म्हणजे स्टे. रोबलिंगचं म्हणणं असं होतं की उद्या मुख्य केबल काढून घेतले तरी या तिरप्या तारांच्या जोरावर पूल पडणार नाही, मध्ये फक्त वाकेल. उभ्या आणि तिरप्या तारा एकमेकींवरून जाताना चौकटींची ती जाळी तयार होते, आणि रंगारी बसलेत ते याच जाळीत.

आता पंख्याची काडी बघा. मनोऱ्याजवळची तिरपी तार जवळजवळ उभी असते. मनोऱ्यापासून जसं लांब जावं तशी ती आडवी होत जाते. म्हणजे एखाद्या तुकड्यावर उभी आणि तिरपी तार एकमेकींना कापत असतील, तर त्यांच्यातला कोनच सांगतो की हा तुकडा मनोऱ्यापासून किती लांबचा. फोटो एका बाजूने घेतलेला असल्यामुळे कोन मोजमापात तंतोतंत उतरत नाहीत, पण त्यांचा क्रम मोडत नाही. बाबांनी स्वयंपाकघरातल्या सहा स्टीलच्या वाट्या मागवल्या. एकेक तुकडा भिंगाखाली धरून कोन मापायचा आणि त्या त्या वाटीत टाकायचा. सत्त्याऐंशी वर्षांचा माणूस, डाव्या हातात कंप, आणि एका दुपारी साठ-सत्तर तुकडे मापून व्हायचे. चार दिवसांत वाट्या भरल्या. त्यानंतर चित्र भराभर पुढे सरकलं. रोबलिंगने १८६०च्या दशकात कागदावर आखलेल्या रेघा २०२०च्या दशकात आमच्या कॅरम बोर्डावर तुकड्यांना वाट दाखवत होत्या.

हा रोबलिंग मूळचा जर्मनीचा, जन्म १८०६. पूल त्याने पाहिला नाही. १८६९च्या उन्हाळ्यात जागेची पाहणी करताना धक्क्याला लागणाऱ्या फेरीबोटीने त्याच्या पायाची बोटं चिरडली, धनुर्वात झाला आणि महिन्याभरात तो गेला. ज्या फेरीबोटीची गरज संपावी म्हणून पूल बांधायचा होता, तिनेच त्याला नेलं. काम त्याचा मुलगा वॉशिंग्टन याच्या अंगावर आलं. वॉशिंग्टनचं आजारपण, त्याची पत्नी एमिली हिने अकरा-बारा वर्षं पेललेली जबाबदारी आणि २४ मे १८८३चा उद्घाटनाचा दिवस हे सगळं पुढच्या प्रकरणांत क्रमाने आलं आहे. मनोऱ्यांमधलं अंतर १,५९५ फूट. तेव्हा जगात एवढा लांब झुलता पूल दुसरा नव्हता. पोलादी तारांचे केबलही झुलत्या पुलाला पहिल्यांदा इथेच वापरले गेले. ब्रुकलिन तेव्हा स्वतंत्र शहर होतं आणि ते न्यूयॉर्कमध्ये विलीन झालं १८९८ साली. फोटोतल्या रंगाऱ्यांपैकी चाळिशीच्या पुढचे जे असतील, त्यांच्या लहानपणी इथे पूलच नव्हता.

केबलची एक हकीकत मात्र इथेच सांगायला हवी. चार केबल, प्रत्येकाची जाडी पावणेसोळा इंच आणि प्रत्येकात ५,४३४ तारा. मुळात त्या इतक्या ठरलेल्या नव्हत्या. तारांचा ठेका जे. लॉइड हेग नावाच्या माणसाला मिळाला होता. कारखान्यात तपासनीस चांगली तार पास करायचे, पुलाकडे जाताना वाटेत गाडीवरचा माल बदलला जायचा आणि नापास तार पुलावर पोचायची. चांगली वेटोळी परत कारखान्यात, पुन्हा तपासणीला हजर. १८७८ मध्ये हे उघडकीला आलं, तोवर बरीचशी खराब तार केबलमध्ये गेलेली होती आणि ती बाहेर काढणं शक्य नव्हतं. वॉशिंग्टन रोबलिंगने हिशेब केला. पूल गरजेच्या सहापट मजबूत धरलेला होता, खराब तार धरूनही तो पाचपट राहत होता. तरी त्याने प्रत्येक केबलमध्ये सुमारे दीडशे तारा जास्तीच्या घालायला लावल्या, त्याही ठेकेदाराच्या खर्चाने. ती खराब तार अजून तिथेच आहे.

हे सगळं मी वाचत होते त्याच आठवड्यात आमच्या बोर्डावर एक तुकडा चुकीच्या जागी बसलेला होता. खाचा जुळत होत्या, छटा जुळत होती, तार तारेला मिळत होती. नऊ दिवस तो तिथे सुखाने होता आणि त्याच्या आजूबाजूचं काही जमत नव्हतं. शेवटी बाबांनी भिंगातून पाहिलं, तर दोन तारांच्या जोडावर केसभर फरक होता. तुकडा काढला आणि तासाभरात अकरा तुकडे लागले. बाबांनी तेवढ्यात एक जुनी आठवण सांगितली. सिमेंटच्या पोत्यांची, कुठल्याशा कामावरची. ती मी इथे लिहीत नाही. पण तपासणी म्हणजे कागदावरची सही नव्हे, माल जिथे लागतो तिथे जाऊन पाहणं, हे वाक्य त्यांनी आयुष्यभर घरात ऐकवलं आहे आणि हेगच्या तारांपाशी मला ते पहिल्यांदा नीट कळलं.

फोटोत जे दिसत नाही त्यानेही हे पुस्तक बरंच व्यापलं आहे. तारांवरच्या माणसांच्या खाली, नदीच्या तळाखाली, आणखी माणसं होती. मनोऱ्यांचा पाया घालण्यासाठी पिवळ्या पाइनच्या लाकडाचं प्रचंड खोकं उलटं करून नदीत बसवलं, त्याला केसन म्हणतात. ब्रुकलिनच्या बाजूचं केसन १६८ फूट लांब आणि १०२ फूट रुंद. आत दाबाखाली हवा सोडून पाणी बाहेर ठेवायचं, माणसांनी आत उतरून गाळ आणि दगड खणायचे. वर मनोऱ्याचं दगडकाम चढत जाई तसतसं त्या वजनाने खोकं खाली खाली जाई. रोज सुरुवातीला दोन डॉलर. दाबातून एकदम बाहेर आलं की रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात आणि माणूस वेदनेने वाकतो, लुळा पडतो, मरतोही. तेव्हा याचं कारण नीट माहीत नव्हतं. ब्रुकलिनकडे ४४ फुटांवर पाया लागला. न्यूयॉर्कच्या बाजूला खोली वाढत गेली तशी माणसं आजारी पडू लागली, मेली, आणि १८७२ मध्ये ७८ फुटांवर, खडक लागायच्या आतच, घट्ट वाळूवर वॉशिंग्टन रोबलिंगने खणणं थांबवलं. आणखी खाली गेलो तर आणखी किती माणसं जातील, हा हिशेब त्याने केला. तो स्वतः याच आजाराने कायमचा अधू झाला. न्यूयॉर्कचा मनोरा आजही त्या वाळूवर उभा आहे. अभियंत्याचा मला सर्वांत मोठा वाटणारा निर्णय हाच. बाबांचंही मत हेच पडलं, आणि पूल या विषयात आमचं दोघांचं सहसा जमत नाही.

मग तारांवर पहिल्यांदा कोण गेलं? २५ ऑगस्ट १८७६ रोजी दोन्ही मनोऱ्यांवरून पहिली तार ओढून झाली होती. कामाचा प्रमुख मेकॅनिक ई. एफ. फॅरिंग्टन तेव्हा साठीचा होता. झोपाळ्याच्या फळीसारख्या एका फळीवर बसून तो नदी ओलांडून गेला. खाली हजारो लोक बघत होते. आपल्या माणसांना जिथे पाठवायचं तिथे आधी आपण जाऊन यावं, एवढाच त्यामागचा विचार. अडतीस वर्षांनी त्याच उंचीवर रंगारी निवांत बसले होते. आणि पोलादाच्या पुलाचं रंगकाम संपत नाही. एका टोकापर्यंत पोचेतो दुसरीकडे गंज धरायला लागलेला असतो. कोकणात ज्याच्या घराला लोखंडी गेट आहे त्याला हे वेगळं सांगायला नको.

जिगसॉचा इतिहास पुस्तकात एका लहान प्रकरणात आहे, कारण माझा जीव पुलात अडकला होता. थोडक्यात सांगायचं तर १७६०च्या दशकात लंडनमधल्या जॉन स्पिल्सबरी या नकाशे कोरणाऱ्या आणि विकणाऱ्या माणसाने नकाशा महोगनीच्या फळीवर चिकटवून देशांच्या सीमांवरून कापला. मुलांना भूगोल शिकवायला. आपल्याकडे घरोघरी असणारा भारताच्या नकाशाचा खेळ हा त्याचाच थेट वंशज. आमच्या घरातल्या नकाशातला गोव्याचा तुकडा पहिल्याच वर्षी हरवला आणि तिथे बाबांनी पुठ्ठा कापून बसवला होता. मोठ्या माणसांना याचं वेड लागलं ते १९०८-०९च्या सुमारास, अमेरिकेत, लाकडी जिगसॉच्या रूपात. पार्कर ब्रदर्स कंपनीने १९०९ मध्ये आपला कारखाना बाकी खेळ थांबवून फक्त जिगसॉला दिला. त्या खोक्यांवर चित्र नसायचं, नाव फक्त असायचं. चित्र कशाचं आहे हे लावता लावताच कळायचं. पुढे पुठ्ठ्यावर दाबून कापण्याचं तंत्र आलं, किंमत उतरली, आणि महामंदीत, १९३३च्या सुरुवातीला, अमेरिकेत आठवड्याला एक कोटी जिगसॉ विकले जात होते. नोकरी गेलेल्या माणसांच्या घरात संध्याकाळी टेबलाभोवती काहीतरी पूर्ण होत होतं. द सालिन्याकला निवृत्त केलं ते पुढच्याच वर्षी.

आमचं चित्र अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी पूर्ण झालं. शेवटचा तुकडा आकाशाचा होता. बाबा बराच वेळ बोर्डासमोर बसून राहिले आणि मग उठून कपाटातून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आले. त्यात त्यांचे कामावरचे फोटो आहेत, मोजून चौदा. एकेकाळी कचेरीत जाड पुठ्ठ्याचे तीन अल्बम होते, पायाभरणीपासून उद्घाटनापर्यंत दर टप्प्याचे फोटो लावलेले. कचेरी नव्या इमारतीत गेली तेव्हा जागा नाही म्हणून ते रद्दीत गेले. बाबा तेव्हा रजेवर होते. परत आल्यावर त्यांनी रद्दीवाल्याचा पत्ता काढला, तोवर माल पुढे गेलेला होता. हे चौदा फोटो त्यांनी त्याआधी कधीतरी घरी आणलेले, म्हणून उरले.

त्यातला एक कोकणातल्या एका खाडीपुलाचा आहे. ओहोटीची वेळ, मागे चिखल, आणि खांबावर चढवलेल्या लोखंडी सांगाड्यावर सात माणसं ओळीने बसलेली. पाय खाली सोडलेले. कमरेला दोर नाही. बाबा त्या फोटोत नाहीत, कारण फोटो त्यांनीच काढला होता. मागे काही लिहिलेलं नाही. मी विचारलं, ही माणसं कोण? त्यांना चौघांची नावं आठवली, एका जणाचं फक्त गाव आठवलं, दोघांचं काहीच आठवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी त्यांनी पुन्हा फोटो मागून घेतला. तिसऱ्या दिवशीही. ती दोन नावं अजून आलेली नाहीत. जिगसॉ लावताना रोज दुपारी त्यांच्या मनात हाच फोटो होता, आणि दोराचा तो पहिला प्रश्न त्यांनी न्यूयॉर्कच्या रंगाऱ्यांसाठी विचारलेला नव्हता, हे मला त्या डब्यापाशी बसल्यावर समजलं.

न्यूयॉर्कच्या फोटोतल्या रंगाऱ्यांचीही नावं फोटोबरोबर आलेली नाहीत. तारीख आहे, क्रमांक आहे, पुलाचं नाव आहे, आणि लॉरेन्झिनीच्या चिकाटीमुळे आता काढणाऱ्याचंही नाव आहे. जिगसॉने आम्हाला त्या माणसांची टोपी, बूट, तारेवर ठेवलेला हात इतक्या जवळून दाखवला की ते शेजारपाजारचे वाटायला लागले, पण हाक मारायला नाव नाही. सरकारी फोटोग्राफरने तारीख घातली म्हणून एवढं तरी हाती लागलं. बाबांच्या फोटोवर तीही नाही.

आपल्याकडचे जुने पूल आता भराभर जात आहेत. मुंबईतला हँकॉक पूल २०१६ मध्ये पाडला, कर्नाक पूल २०२२ मध्ये. पाडावे लागतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. बाबा तर म्हणतात, वेळेवर पाडलेला पूल हा नीट सांभाळलेलाच पूल. पण पूल गेला की त्याच्यावर काम केलेल्या माणसांचा पुरावा फोटोत तेवढा उरतो, आणि ते फोटो आहेत निवृत्त ओव्हरसिअरांच्या, मेकॅनिकांच्या, मुकादमांच्या, रंगाऱ्यांच्या घरात, बिस्किटांच्या डब्यांत. महापालिकांनी आणि बांधकाम खात्यांनी ते गोळा करावेत, निदान आपले अल्बम रद्दीत घालू नयेत, ही माझी मागणी आहे आणि ती मी लेखी केली आहे. त्याची वाट पाहत बसायला आपल्याला वेळ नाही, कारण नावं ज्यांना आठवतात ती माणसं ऐंशीच्या पुढे आहेत.

म्हणून वाचकांना विनंती आहे. हे पुस्तक पुढे वाचायच्या आधी घरातला जुना डबा काढा. पुलाचा, धरणाचा, रस्त्याचा, गिरणीचा, कुठल्याही कामावरचा फोटो असेल तर घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाशेजारी बसा आणि जागा, साल आणि जेवढी आठवतील तेवढी नावं विचारून घ्या. एकच नाव आठवलं तरी ते घ्या, आणि कोण कितवा ते डावीकडून मोजून लिहा. फोटो काचेवर पालथा ठेवा आणि मागे मऊ पेन्सिलने, हात हलका ठेवून लिहा. बॉलपेन वापरू नका, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.